सोयाबीनला एक तंबाखूची विश्रांती

माझी सगळी नोकरी ओल्या कागदात गेली. निरोप समारंभात मी हे वाक्य म्हटलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शोभाबाई अलंकारिक बोलताहेत. अलंकार कसला डोंबलाचा! वाशीमच्या एका खाजगी बियाणे तपासणी प्रयोगशाळेत केस पांढरे होईपर्यंत मी एकच काम केलं. शेतकऱ्याने आणलेलं बी मोजायचं, ओल्या कागदावर ओळीने मांडायचं, वरून दुसरा ओला कागद घालायचा, वळकटी करायची आणि ती उगवण खोलीत उभी ठेवायची. उभीच. मूळ खाली जातं, कोंब वर येतो, आणि उलगडताना ओळ स्वच्छ दिसते. आडवी ठेवली की आत नुसती शेवयांची भांडणं. ठरलेल्या दिवशी वळकटी उघडायची आणि एकेका रोपाकडे पाहून पास की नापास ते सांगायचं. आमच्या आकड्यावर शेतकरी ठरवतो की हे बी जमिनीत टाकायचं की बाजारात.

नव्या मुली हाताखाली आल्या की मूळ जरा वळलेलं दिसलं रे दिसलं, नापास करून टाकायच्या. मी ओरडायचे. अगं, वळलं म्हणून काय झालं? कागदाला घडी पडली असेल, टरफल आडवं आलं असेल. वळून पुन्हा खाली गेलं ना? मग ते पास. जे तिथल्या तिथे गुंडाळून बसलं किंवा उलटं वर निघालं, ते नापास. एवढं एक वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की आमच्या ह्यांनासुद्धा पाठ आहे. ते माझ्या पोळ्यांना लावतात.

एप्रिल ते जून आमच्याकडे नुसती यात्रा असे. रिसोडचे एक गृहस्थ दोन पिशव्या घेऊन आले होते, एक स्वतःच्या बियाची, दुसरी सख्ख्या भावाच्या. हळूच म्हणाले, ‘‘मॅडम, भावाचं नापास करून द्या, म्हंजे तो माह्याकडून घेईन.’’ मी वळकट्या लावल्या. भावाचं पास झालं आणि यांचं सपशेल आपटलं. तर म्हणतात, ‘‘मंग पिशव्याइवरची नावं बदलता येत नाईत का?’’ एक बाई तर बी भिजवायला स्वतःच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये घेऊन आल्या. आमच्या नळाच्या पाण्याची त्यांच्या बियाला सवय नव्हती म्हणे. मी तेच पाणी वापरलं. लोकांशी कशाला वाद घालायचा?

पण हे सगळे एकीकडे आणि धनजचे काशीराव एकीकडे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या हंगामात आमच्या मालकांचा भाचा पुण्याहून आला. निनाद त्याचं नाव. पोरगा हुशार, चष्मा मोठा, आणि अंतराळात सोयाबीन कसं वाढेल यावर संशोधन करणारा. अंतराळातल्या सोयाबीनचा अभ्यास वाशीमला का, असं मी विचारलं तेव्हा त्याने सोयाबीनच्या पट्ट्याबद्दल, हवामानाबद्दल बरंच सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की पुण्यात त्याला खोली मिळेना आणि इथे मामाची उगवण खोली फुकटात थंड होती. आम्ही त्याला साहेब म्हणायचो, कारण मालकाच्या भाच्याला दुसरं काय म्हणणार?

साहेबांनी भिंतीजवळच्या टेबलावर एक यंत्र बसवलं. परातीएवढी एक चकती उभी, रहाटासारखी, आणि मागे छोटी मोटर. चकतीवर गोल काठाने पारदर्शक डब्या लावलेल्या, प्रत्येक डबीत जेलीसारख्या थरावर मोड आलेलं सोयाबीन. चकती इतकी सावकाश फिरे की पाहणाऱ्याला झोप यावी. जत्रेतल्या पाळण्यात सोयाबीन बसवलंय असं ते दिसायचं, म्हणून आम्ही सगळे त्याला पाळणाच म्हणू लागलो. साहेबांना ते आवडायचं नाही. त्यांच्याकडे त्याचं इंग्रजी नाव होतं, पण ते आमच्या शिपायाच्या तोंडात एकदाही पूर्ण बसलं नाही.

हा पाळणा कशासाठी, ते मला समजलं तसं सांगते. मुळाच्या टोकाशी काही पेशी असतात आणि त्यांच्या आत स्टार्चचे बारीक दाणे असतात. ते जड म्हणून पेशीच्या तळाशी जाऊन बसतात. दाणे जिकडे बसले ती खालची बाजू, एवढंच मुळाला कळतं. रोप आडवं केलं की दाणे नव्या तळाकडे घरंगळतात आणि मूळ तिकडे वळतं. आता यान पृथ्वीभोवती फिरतं म्हणजे खरं तर ते सारखं पडतच असतं, आणि आतलं सगळं सामान, माणसं, रोपं त्याच्याबरोबरच पडत असतात. म्हणून कशालाच आपलं वजन जाणवत नाही. दाणेही पेशीत नुसते तरंगतात. मूळ बिचारं बाहेर येतं आणि त्याला खाली सापडत नाही. मग उजेड, ओल, जे काही हाताला लागेल त्याच्या अंदाजाने ते चाचपडत निघतं.

वाशीममध्ये वजन घालवता येत नाही. साहेब म्हणाले, घालवता येत नसलं तरी रोपाला फसवता येतं. ते हळूहळू सतत फिरवत ठेवायचं. दाणे एका बाजूला बसू बसू म्हणतात तोवर ती बाजू वर गेलेली असते. अट एकच, पाळणा थांबता कामा नये. वीज गेली तर इन्व्हर्टर, इन्व्हर्टर गेला तर बॅटरी, आणि बॅटरीही गेली तर साहेब स्वतः हाताने फिरवणार होते.

काशीराव आले ते मे महिन्यात, बियाची पिशवी घेऊन. एक हात भिंतीवर, दुसरा दंड बायकोच्या, अनुसयाबाईंच्या, हातात. धिप्पाड माणूस, पांढऱ्या मिशा, आणि चालणं मात्र नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखं. मी पिशवी घेतली, पावती केली. तेवढ्यात त्यांची नजर उघड्या दारातून पाळण्यावर गेली.

‘‘बाई, हे काय फिरून राह्यलं?’’

‘‘सोयाबीन हाये, भाऊ.’’

‘‘काहून फिरवता त्याले?’’

‘‘त्याले खाली-वर समजू नाई म्हणून.’’

ते बराच वेळ बघत राहिले. मग बाकावर टेकले आणि अनुसयाबाईंना म्हणाले, ‘‘अवं, पाह्य. माह्यी गोष्ट इथं डबीत भरून ठेवली.’’

होळीपासून त्यांना चक्कर येत होती. कूस बदलली की घर फिरायचं, वर बघितलं की आभाळ खाली यायचं. मुलीच्या घरी वाशीमला इलाजासाठी आणून ठेवलं होतं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की तुमच्या कानातले बारीक खडे जागचे हलले आहेत, परत या, मी ते जागेवर बसवून देते. काशीरावांना वाटलं बाई थट्टा करतात. पाय अडखळतात आणि ही कान बघते? तरी मनात खडा राहिलाच, म्हणून ते आठवडी बाजारात कानातला मळ काढणाऱ्याकडे गेले.

‘‘मंग निघाले?’’ मी विचारलं.

‘‘तीन निघाले ना! तुरीच्या दायीएवढे. त्यानं तयहातावर ठेवून दाखवले.’’

‘‘आन् चक्कर?’’

‘‘ते कुठं गेली? उलट आता आयकू बी कमी येते.’’

अनुसयाबाई म्हणाल्या, ‘‘मी म्हनलं त्याइले, तुमच्या कानात एवढी जागा असती तं माह्यं एखादं बोलनं तरी आत गेलं असतं.’’

हसण्यासारखं असलं तरी प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. धनजला काशीरावांची तिफण प्रसिद्ध. तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. बैल ओढतात, पुरुष हाकतो आणि वरच्या चाड्यातून बी सोडतो; मागून बाई दोरीने बांधलेली सरत्याची नळी धरून तुरीचं वेगळं तास, म्हणजे ओळ, टाकत चालते. आता गावात ट्रॅक्टर आहेत, पण पेरणीचं पहिलं तास काशीराव धरणार आणि लोक बांधावर उभं राहून एक डोळा मिटून ते बघणार, ही तिथली रीत. सुतात असायचं म्हणे. आणि यंदा मुलाने सांगून टाकलं होतं, बाबा, तुम्हाला सरळ उभं राहता येत नाही, तास काय धरता? पाऊस लागायच्या आत बैल विकू, पहिलं तास उत्तमकाका ट्रॅक्टरने टाकतील. उत्तमराव हे काशीरावांचे चुलतभाऊ. ते तर बांधावर हार घालून ट्रॅक्टर उभा करायलाही तयार होते. बैलांसाठी व्यापारी एकदा येऊन दात बघून गेला होता.

‘‘बाळ्या आन् चंद्या गेले की मी कशाले उठू सकाई?’’ काशीराव म्हणाले. हे त्यांनी रडत नाही, चिडून म्हटलं. मला रडणाऱ्यापेक्षा चिडणाऱ्याचं जास्त लागतं.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. आमच्या मुली म्हणायच्या, थंड खोलीसाठी येतात. मे महिन्यातलं वाशीम ज्याला माहीत आहे तो त्यांना दोष देणार नाही. पण ते पाळण्यासमोर बसायचे आणि सोयाबीनशी बोलायचे. ‘‘घाबरू नोको. वर हायेस. आता खाली येशीन. हं, आता पुन्हा वर.’’ एखाद्या एसटीच्या कंडक्टरने थांबे सांगावेत तसं चालायचं. साहेबांचं सुरुवातीला डोकं फिरलं, मग त्यांना प्रश्न विचारणारा माणूस मिळाला म्हणून बरंही वाटलं असावं. आमच्याकडे मुळीची ‘मुयी’ आणि पाळण्याचा ‘पायना’ होतो, हेही ते शिकले.

‘‘साहेब, वर यानात पानी टाकलं तं मुयीपाशी जाते कसं?’’

‘‘जात नाही, काका. पाण्याला खाली नाही, म्हणून ते वाहत नाही. गोळा होऊन मुळाला चिकटून बसतं. कधी कधी मूळ त्यातच गुदमरतं.’’

‘‘म्हंजे पाऊस नाई, नदी नाई, आन् झाड बुडून मरते?’’

‘‘हो, तसंच.’’

‘‘लयच बेकार गाव हाये.’’ थोड्या वेळाने पुन्हा, ‘‘आन् तास कशावरून धरत असतीन तिथं?’’

साहेबांनी चष्मा काढून पुसला. हा प्रश्न त्यांच्या पुण्याच्या मार्गदर्शक मॅडमनीही विचारला नव्हता.

मग घोटाळा सुरू झाला. एका सकाळी साहेब पाळण्यापाशी ओरडले. डब्यांमधली मुळं आतापर्यंत वाट फुटेल तिकडे भटकत होती, तसंच व्हायला हवं होतं. पण आता प्रत्येक मुळाला एक ठसठशीत बाक आला होता. नुसता बाक नव्हे, चकतीवरच्या सगळ्या डब्यांमधली मुळं एकाच दिशेला वळलेली, जणू कुणी हाक मारल्यासारखी. त्यानंतर पुन्हा आपली भटकंती. दोन दिवसांनी दुसरा बाक आला, वेगळ्या दिशेला, पण पुन्हा सगळ्यांचा एकदमच.

साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी लग्नातल्या नवरदेवाच्या तोंडावरही पाहिलेला नाही. त्यांनी पुण्याला फोटो पाठवले. पुण्याच्या मॅडम लॅपटॉपवर आल्या. सोयाबीनची मुळं सामूहिक निर्णय घेतात की काय, अशी चर्चा माझ्या वळकट्यांच्या बादलीशेजारी उभं राहून झाली. मग शंका निघाल्या. विजेचा दाब कमीजास्त होतो का? साहेबांनी मीटर लावला. स्टेशनवरून गाडी जाते तेव्हा भिंत थरथरते का? साहेबांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवून त्यातले तरंग बघत एक दुपार घालवली. गाडी उशिरा आली. कुणीतरी पृथ्वीच्या चुंबकत्वाचं नाव काढलं, तेव्हा मालकांनी शिपायाला लोखंडी कपाट हलवायला लावलं आणि त्याची कंबर धरली. शेवटी तर मालक स्वतः म्हणाले की ही जागाच तशी आहे, आपण बोर्डावर ‘अंतराळ’ शब्द घालायचा का?

या सगळ्यात काशीराव बाकावर शांत बसलेले. एकदा त्यांनी मला विचारलं, ‘‘बाई, साहेब काय हुडकून राह्यले?’’ मी सांगितलं. ते ‘‘बापा बापा’’ म्हणाले आणि कपाटाला हात लावायला उठले.

उत्तर मला सापडलं, आणि त्यात माझी काही हुशारी नाही. मी संध्याकाळी टेबल पुसत होते. मोटरच्या लाल बटणावर एक पांढरा डाग होता. पुसला तर बोटाला बुळबुळीत लागला. चुना. चांगला ऐसपैस अंगठा उमटलेला. आमच्या खोलीत तंबाखू खाणारा एकच माणूस होता, आणि मी त्याला रोज खिडकीबाहेर थुंकण्यावरून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब चहाला गेले तेव्हा मी वळकट्यांच्या रॅकमागे उभी राहिले. काशीरावांनी डबी काढली, तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला. मग उठले, भिंत धरत पाळण्यापाशी गेले आणि चुन्याच्या अंगठ्याने बटण दाबलं. पाळणा थांबला. ते तंबाखू मळत उभे राहिले, टिचकी मारून भुकटी उडवली, चिमूट ओठात ठेवली, आणि पुन्हा बटण दाबून जागेवर येऊन बसले.

‘‘भाऊ!’’

ते दचकले, चक्कर आली, भिंत धरली. तेवढ्यात साहेब आले. मी सांगायला नको होतं का? सांगितलं. साहेब जे चिडले! त्यांचा आवाज चिरकला. दोन महिन्यांचं काम गेलं, पुण्याला मी काय तोंड दाखवू, तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं, असं बरंच. काशीरावांनी सगळं ऐकून घेतलं.

‘‘साहेब, चूक झाली. पण तुमी त्याले रातध्याड फिरवून राह्यले. मले उलीसं घर फिरलं तं मी भितीले धरतो. त्याले डबीत भित बी नाई. मनलं, माह्यी तंबाखू होते तवरक टेकू द्यावं बिचाऱ्याले.’’

साहेब चुन्याने माखलेल्या बटणाकडे बघत उभे राहिले. मीही डब्यांकडे बघितलं आणि मला एकदम हसू फुटलं, कारण सगळं सरळ होतं. पाळणा ज्या क्षणी थांबला त्या क्षणी त्या डबीची जी बाजू खाली होती, नेमका तिकडेच बाक. एवढ्याशा वेळात दाणे तळाशी जाऊन बसले होते आणि मुळाला खाली सापडलं होतं. पुन्हा फिरायला लागल्यावर ते हरवलं, ही गोष्ट वेगळी. मी काशीरावांना डबी दाखवून हे समजावलं, दाण्यांसकट.

त्यांचा हात मिशीवरच थांबला. ‘‘म्हंजे हालनं बंद केलं की दाने खाली बसतात, आन् मंग त्याले समजते?’’

‘‘व्हय.’’

‘‘ते डॉक्टरीन... माह्या कानात असेच दाने म्हनत होती काय?’’

‘‘असेच. बाहेरून काढायचे नाईत, आत जागेवर बसवायचे.’’

काशीरावांनी स्वतःच्या कानाला हात लावून बघितला. मग म्हणाले, ‘‘आन् मी त्या बाजारातल्या चोट्ट्याले च्या पाजला.’’

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही चौघे गेलो. साहेबांना मी मुद्दाम ओढून नेलं, कारण ते सकाळपासून जेवले नव्हते आणि दवाखान्याशेजारी खानावळ आहे. बाईंनी काशीरावांना खाटेवर आडवं केलं, डोकं एका बाजूला वळवून खाली लोंबतं धरलं आणि तसंच ठेवलं. त्यांचे डोळे गरगरले, ते ओरडले, ‘‘अवं अनुसया, धर, मी चाललो!’’ बाई म्हणाल्या, थांबा, बसू द्या. मग डोकं दुसरीकडे, पुन्हा थांबायचं. मग अख्खं अंग कुशीवर, पुन्हा थांबायचं. साहेब पायथ्याशी उभे राहून ते असं बघत होते की डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे मेडिकलचे विद्यार्थी का? उठून बसल्यावर काशीराव म्हणाले, ‘‘मलेही पायन्यात बसवलं. पन ह्या बाईले थांबवाचं मालूम हाये.’’ बाईंनी बजावलं की काही दिवस मान झटकन वळवायची नाही, वर बघायचं नाही, आणि हे परतही येऊ शकतं.

साहेबांचं काम बुडालं नाही. त्यांनी विषयच थोडा वळवला. मुळाला खाली सापडायला निदान किती विश्रांती लागते, हे मोजायचं ठरवलं, आणि पाळणा थांबवण्याचं काम रीतसर काशीरावांना दिलं. साहेब घड्याळ लावायचे, पण काशीरावांना घड्याळावर विश्वास नव्हता. म्हणून आमच्या खोलीत विश्रांतीचं माप ‘एक तंबाखू’ असंच पडलं. अर्धी तंबाखू, एक तंबाखू, चुना जास्त झालेली तंबाखू. साहेबांनी एकदा ते चुकून तसंच पुण्याला लिहून पाठवलं. मॅडमनी परत लिहिलं की या एककाचं प्रमाणीकरण झालेलं आहे का? त्यावर साहेब इतके हसले की त्यांना उचकी लागली, आणि मला तो पोरगा तेव्हापासून आवडायला लागला.

जून अर्धा सरल्यावर काशीराव धनजला गेले. जाताना बियाचा निकाल घेतला, उत्तम आलं होतं. चालताना भिंत सोडली होती, पण अनुसयाबाईंचा दंड सोडला नव्हता. बैलांचा व्यापारी पेरणीनंतर येणार होता. म्हणजे तास सरळ आलं तर तो रिकाम्या हाताने परत जाणार, वाकडं आलं तर बैल घेऊन जाणार. हे मुलाने नव्हे, काशीरावांनीच ठरवलं होतं. मला ते ऐकून राग आला. माणसाने स्वतःला एवढ्या कडक वळकटीत कशाला गुंडाळावं?

पेरणी नेमकी माझ्या निरोप समारंभाच्या दिवशी झाली, म्हणून जाता आलं नाही. शाल, नारळ, भाषणं चालू असताना मी मांडीवर फोन ठेवून बसले होते. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उगवण झाल्यावर अनुसयाबाईंचा आला. ‘‘बाई, हे म्हनतात, तुमी याच. दुसऱ्या कोनाचं आयकत नाईत.’’ साहेब मला मालकांच्या गाडीतून घेऊन गेले.

बांधावर मुलगा होता, उत्तमराव होते, गावातली दोनचार माणसं होती. काशीराव हात मागे बांधून परीक्षेच्या दाराशी उभ्या पोरासारखे. मी एक डोळा मिटून बघितलं.

काळ्या मातीत तीन हिरव्या ओळी निघाल्या होत्या, अशा सरळ की माझे कागदही लाजावेत. आणि शेताच्या मध्यावर तिन्ही ओळी एकदम एका बाजूला वळल्या होत्या. ठसठशीत बाक. पुढे पुन्हा सरळ, थेट दुसऱ्या बांधापर्यंत. साहेबांच्या तोंडून ‘‘अरे!’’ निघालं. त्यांना डबी दिसली असणार, मलाही तीच दिसली.

उत्तमराव म्हणाले, ‘‘मी तवाच मनलं, मोडून टाका, ट्रॅक्टरनं सुधं करून देतो. तं दादा आंगावर धावले.’’

‘‘काय झालं होतं, भाऊ?’’

‘‘अर्ध्यात जमीन हालली, बाई. बैल थांबवले. हे समदे वराडून राह्यले बांधावरून. मी कोनाकडं पाह्यलं नाई. उभा राह्यलो चुपचाप. एक तंबाखू.’’

‘‘खाल्ली?’’

‘‘खाल्ली नाई. नुसती मोजली. मंग पाय खाली लागले. तवरक बैलाइनं जरा बाजू घेतली होती.’’

तुरीचं तास बघितलं. अनुसयाबाईंचं. तेही तिथेच वळलेलं, तेवढंच. मी म्हटलं, ‘‘वैनी, तुमाले तं चक्कर नव्हती. तुमी सुधं काहून नाई धरलं?’’

‘‘ते वयले, मंग मी एकटी सुधी जाऊन काय करू?’’

मुलगा बैलांकडे बघत होता. बाळ्या आणि चंद्या बाभळीखाली उभे होते, दावं अजून खुंट्यालाच होतं. काशीराव माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या आयुष्यात इतक्या शेतकऱ्यांनी निकालासाठी माझ्याकडे बघितलं, पण असं कुणी नाही.

‘‘बोला बाई. पास का नापास?’’

मी पदर खोचला, बाकाच्या जागी जाऊन उकिडवी बसले आणि बोटांनी माती उकरून एक रोप मुळासकट उचललं. नोकरी संपली होती, पण सवय कुठे जाते? माती झटकली. मूळ सरळ खाली गेलेलं, लांब, पांढरंशुभ्र. मग उभी राहून पुन्हा सगळ्या तासाकडे बघितलं, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

‘‘वयलं म्हणून काय झालं?’’ मी म्हटलं. ‘‘वयून पुन्हा सुधं गेलं. पास.’’

काशीरावांनी मान वळवली नाही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. ते पायांसकट, अख्खेच्या अख्खे, पाळण्यासारखे सावकाश बायकोकडे वळले.

‘‘आयकलं काय वं? पास म्हनते बाई.’’

‘‘मी तं मांगंच होती,’’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘‘मले तवाच समजलं.’’

मुलगा बाभळीखाली गेला आणि बैलांना पाणी पाजायला घेऊन निघाला.